मक्याचे रंग आणि मक्याचे रक्षण

बालाघाट जिल्ह्यातील उकवा हे नाव मँगनीजच्या खाणीमुळे सर्वपरिचित आहे. या मुलखातील जमिनीवरच्या धनाची, म्हणजे पिकांची, कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. मैकल डोंगररांगांतील बैगांच्या बेवर शेतीत कोदो-कुटकीच्या जोडीला मकाही पेरला जाई. हे पीक मूळचे मेक्सिकोचे. इ. स. १४९२ नंतर ते सागर ओलांडून जगभर गेले आणि जेथे रुजले तेथलेच होऊन राहिले.

आनुवंशिकतेच्या शास्त्रावर मक्याचे मोठे ऋण आहे. एका कणसात शेकडो दाणे असतात आणि प्रत्येक दाणा स्वतंत्र संतती असतो; त्यामुळे दाण्यांचे रंग मोजणे म्हणजे वंशाचा हिशेब मांडणेच होय. काही कणसांच्या दाण्यांवर तांबडे पट्टे उमटतात. १९१४ मध्ये अमेरिकेतील इमर्सन यांनी या पट्ट्यांचे मूळ एका अस्थिर जनुकात आहे, असे दाखविले. पुढे बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांनी दाण्यांवरील ठिपक्यांवरून गुणसूत्रांत जागा बदलणारे घटक शोधून काढले. त्यांचे म्हणणे पचनी पडण्यास समाजाला फार काळ लागला. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी. इमर्सन यांच्या पट्टेरी कणसामागेही असाच एक फिरता घटक होता, हे नंतर सिद्ध झाले.

ज्या जनुकात तो घटक शिरला होता, त्याचे नाव ‘पी-१’. हे जनुक स्वतः रंग तयार करीत नाही. रंग तयार करणाऱ्या इतर जनुकांना ते कामास लावते. त्याच्या आज्ञेने दाण्याच्या सालीत व बुरकुंडात तांबडे रंगद्रव्य तयार होते, तर कणसाच्या केसांत ‘मेसिन’ नावाचे द्रव्य साठते. केस कुरतडणाऱ्या अळीच्या पोटात हे द्रव्य अन्नाचे पोषणमूल्य घटविते आणि तिची वाढ खुंटते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केसांतील मेसिनच्या प्रमाणात आढळलेल्या फरकापैकी ५८ टक्के वाटा याच जनुकाच्या भागाचा असल्याचे दिसून आले. रंग आणि रक्षण यांचा कारभारी असा एकच आहे. तथापि दाणा पांढरा म्हणजे झाड निःशस्त्र, असा निष्कर्ष काढता येत नाही. या जनुकाच्या काही रूपांत साल पांढरी राहते, पण केसांत मेसिन असते. डोळ्यांना दिसणारा रंग ही अपुरी साक्ष आहे.

म्हणूनच जुन्या वाणांचा प्रश्न गंभीर ठरतो. १९६१ मध्ये भारतात मक्याचे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. त्यांनी उत्पन्न वाढविले, हे निर्विवाद. परंतु संकरित पिकाचे घरचे बी पुन्हा पेरल्यास तोच जोम टिकत नाही. दर हंगामी बी विकत घ्यावे लागते आणि घरचे बियाणे मागे पडते. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात अवतरली, तेव्हा पिकाच्या अंगभूत प्रतिकारशक्तीचे मोल नव्याने उमगले.

ग्रंथाची एकुलती एक प्रत नष्ट झाली, तर तीत काय लिहिले होते हे सांगणारा कोणी उरत नाही. बियाण्याचेही तसेच आहे. उंबऱ्याशी टांगून ठेवलेले बियाण्याचे कणीस हीदेखील एक पोथीच होय. फरक इतकाच, की ती दर काही वर्षांनी पुन्हा पेरावी लागते.