बंबाखू

निपाणीकडे तंबाखूच्या शेतात झाडाच्या बुडाशी कधी कधी एक फिकट कोंब वर येतो. हिरवं पान एकही नाही, पानांच्या जागी नुसते खवले, आणि शेंड्याकडे निळसर-जांभळी फुलं. अंगात हरितद्रव्यच नाही. तंबाखूच्या मुळाला जमिनीखाली डसून हा जगतो. मराठीत याला म्हणतात बंबाखू.

या शब्दावर माझा फार जीव आहे. जेवणबिवण, पुस्तकबिस्तक, तंबाखूबिंबाखू असं आपण रोज बोलतो. त्यातलं 'बिवण' एकटं उभं करून पाहा. अर्थच नाही, कारण त्याचं सगळं बळ 'जेवण'मध्ये. बंबाखू मला याच घडणीचा वाटतो. फक्त इथे इकारसुद्धा आलेला नाही. यजमानाचे सगळे स्वर जसेच्या तसे उचलले, बदलला तो एक त. शेतात जे मुळाशी चालतं, तेच इथे अक्षरांत चाललं आहे.

शब्दाचं वयही काढता येतं. तंबाखू मूळची अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. 1604च्या सुमारास अकबराच्या दरबारातला असद बेग विजापूरला आला, तेव्हा ती त्याला नवलाची वाटली आणि त्याने ती बादशहासाठी नेली. तेव्हा बंबाखू हे नाव त्याच्या फार मागे जात नाही. ती वनस्पती मात्र आशिया-युरोपातली जुनी रहिवासी, वांग्यावरही पोसणारी. परदेशी झाड आलं आणि या जुन्या रहिवाशाला त्याच्यावरून नाव मिळालं.

शास्त्रीय नाव ऑरोबँकी. ते ग्रीक आहे: 'ओरोबोस' हे एक कडधान्य आणि 'आंखेन' म्हणजे गळा आवळणं. तिथेही नावात यजमान आहेच, पण सोबत फिर्यादही आहे. मराठीने ती केली नाही.

ज्वारीच्या मुळांवर असाच जगणाऱ्या टारफुल्याची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रायगा. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं निजून राहतं आणि जवळच्या मुळातून झिरपणाऱ्या रसायनाचा सुगावा लागला की रुजतं. 1966 साली कापसाच्या मुळांपासून असं एक रसायन हाती लागलं, तेव्हा टारफुल्यावरून त्याला 'स्ट्रिगॉल' म्हटलं गेलं. पुढे 2008 मध्ये वाटाणा आणि भातावरच्या कामातून उलगडलं, की या कुळातली द्रव्यं हे झाडांचं स्वतःचं संप्रेरक आहे. फांद्या किती फुटू द्यायच्या ते त्याच्यावर ठरतं. तोवर नाव पक्कं झालं होतं. आज भाताच्या अंगातल्या त्या द्रव्यालाही स्ट्रिगोलॅक्टोनच म्हणतात, टारफुल्याच्या नावाने.