माध्यमिक शालेय प्रवेशातील सामाजिक विषमता

माध्यमिक शालेय प्रवेशातील सामाजिक विषमता म्हणजे कुटुंबाचे उत्पन्न, पालकांचे शिक्षण, जात व लिंगभाव यांमुळे नववी-दहावीच्या प्रवेशात पडणारी तफावत होय. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षे वयोगटाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी देतो. ही हमी आठवीला संपते. पुढील निर्णय कुटुंबाच्या परिस्थितीवर अवलंबून राहतो.

ग्रामीण भागातील कारणे

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील मुठा गावाच्या खोऱ्यासारख्या डोंगराळ प्रदेशात वस्त्या विखुरलेल्या असतात. प्राथमिक शाळा जवळ असली तरी माध्यमिक शाळा दूर पडू शकते. हे अंतर मुलग्यांनाही तेवढेच असते. मुलींच्या बाबतीत मात्र सुरक्षिततेची चिंता, घरकाम, धाकट्या भावंडांचा सांभाळ व लवकर होणारा विवाह यांची त्यात भर पडते. वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांत मुलगे व मुली दोघांचेही शिक्षण हंगामागणिक खंडित होते.

उपाययोजना

महाराष्ट्रात शासकीय व अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण विद्यार्थिनींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. या सवलतींनी शुल्क व भाड्याचा भार हलका होतो. घरकामाचा वाटा व बुडणारी मजुरी मात्र कुटुंबापुढे कायम राहतात.