उन्हाची दोन अंगे आणि सरड्याची पेटी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मोटारगाड्या तयार होतात. गाडीच्या सांगाड्यावर फवारलेला रंग उष्णता देऊन पक्का करावा लागतो. या कामासाठी अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९३० च्या दशकात उष्णता देणारे दिवे वापरात आणले. त्याच तत्त्वावरचा दिवा आज घरी पाळलेल्या इग्वानाच्या काचपेटीवर टांगलेला दिसतो. परंतु गाडीच्या पत्र्याला मानवणारी ऊब सरड्याला मानवेलच असे नाही. याचे कारण समजण्यासाठी आपल्याला दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्यातील निरनिराळ्या रंगांत तापमापी ठेवले. पारा सर्वाधिक चढला तो तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते! हेच अवरक्त किरण. १८०१ मध्ये योहान रिटर यांना जांभळ्याच्या पलीकडचे अतिनील किरण सापडले. उन्हाची ही दोन अंगे पुढे वेगवेगळ्या दिव्यांत विभागली गेली. तारेचा बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो. अतिनील किरणांसाठी मात्र पाऱ्याच्या वाफेचा दिवा लागला. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अशाच दिव्याने मुलांचा मुडदूस बरा करून दाखवला. या किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, हे नंतर कळले.

सरड्याला 'थंड रक्ताचा' म्हणण्याची आपली सवय जुनी आहे. १९४४ मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरड्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवले, की ऊन-सावलीत ये-जा करून हे प्राणी शरीराचे तापमान बरेचसे स्थिर राखतात. म्हणजे सरड्याला नुसती उष्णता नको, निवड हवी. कारखान्यात सांगाडा सर्वत्र सारखा तापावा लागतो. पेटीचे एक टोक उबदार, तर दुसरे गार असावे लागते. सगळी पेटी सारखीच तापली तर सरड्याला पळायला जागा उरत नाही. मे महिन्यात चिंचवडचा पारा ३८ अंशांच्या वर जातो, तेव्हा हा धोका फार मोठा.

म्हणून दिवा एका टोकाला, पेटीबाहेर किंवा जाळीआड असावा. सरडा त्याला चिकटला तर भाजतो. होल्डर चिनी मातीचा घ्यावा, कारण प्लॅस्टिकचा वितळू शकतो. थर्मोस्टॅट आणि दोन टोकांना दोन तापमापी हवेतच. रात्री ऊब लागलीच, तर प्रकाश न देणारा चिनी मातीचा तापक बरा; तांबडा प्रकाश सरड्यांना दिसतो. दिवसा हिंडणाऱ्या सरड्याला अतिनील दिवाही लागतो, नाहीतर पेटी उबदार असूनही त्याची हाडे मऊ पडतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन येथे उपयोगी नाही, कारण काच हे किरण अडवते.

आपली घोरपड पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने इग्वानासारख्या परदेशी प्राण्यांची नोंदणीही सक्तीची केली आहे.

वर्गात सरडा आणण्याची गरज नाही. ६० वॅटचा बल्ब, तीन तापमापी आणि मोजपट्टी घ्या. १५, ३० आणि ४५ सेंटिमीटरवरची तापमाने विद्यार्थ्यांना नोंदवू द्या आणि विचारा: सरडा असतात तर तुम्ही कोठे बसला असतात?