महालक्ष्मीच्या मैदानावरील गर्दी



घोड्यांच्या शर्यतींवर कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे थोडेफार वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. परंतु गर्दी म्हणजे काय, ती कशासाठी जमते आणि कशाने पांगते, याचा अभ्यास मला पोटासाठी करावा लागला आहे. म्हणून आज घोड्यांविषयी थोडे आणि त्यांना पाहायला जमणाऱ्या माणसांविषयी अधिक बोलावे असे मी ठरविले आहे.

प्रथम जागेचा इतिहास पाहू. मुंबईत इंग्रजांनी शर्यतींचा शौक आणला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. इ. स. १८०० च्या सुमारास त्यांचा क्लब स्थापन झाला. शर्यती तेव्हा भायखळ्याला होत. त्या काळी इराणी आखाताकडून गलबतांनी अरबी घोडे मुंबईस येत आणि ऑस्ट्रेलियातून 'वेलर' जातीचे. लष्कराला घोडे लागत, ट्रामला लागत, श्रीमंतांच्या बग्गीला लागत. म्हणजे शर्यत हा शौक असला, तरी त्याच्यामागे घोड्यांची मोठी बाजारपेठ उभी होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

वस्ती वाढली तसे भायखळ्याचे मैदान अपुरे पडू लागले आणि १८८३ साली शर्यती महालक्ष्मीला गेल्या. ही जमीन मुळात दलदलीची. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र आत शिरत असे. अठराव्या शतकात बांध घालून तो अडविण्यात आला आणि मागे सखल, पाणथळ मोकळी जागा उरली. तिथेच हे मैदान तयार झाले. आखणीसाठी नमुना घेतला तो ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानाचा.

आता आणखी एक साल आठवा. कावसजी दावर यांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली ती ताडदेवला. १८५४ साली कंपनी निघाली आणि १८५६ साली सूत निघू लागले. ताडदेव महालक्ष्मीच्या हाकेच्या अंतरावर आहे. म्हणजे शर्यतींचे मैदान आले ते गिरण्यांच्या शेजाराला. एका बाजूला भोंगा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या टापा, असा हा शेजार पुढे शंभर वर्षे टिकला.

मित्रहो, या मैदानाच्या गर्दीच्या दिवसांची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. डर्बीचा दिवस, फेब्रुवारीतली गार हवा, बायकांच्या टोप्या, राजेरजवाड्यांच्या मोटारी. इंडियन डर्बी प्रथम धावली ती १९४३ साली आणि 'प्रिन्सेस ब्युटिफुल' या घोडीने ती जिंकली. १९७७ च्या डर्बीत 'स्क्वॉन्डरर' धावला, त्याचे नाव अजून जुन्या शौकिनांच्या तोंडी आहे. हा सगळा इतिहास खरा आहे, आणि तो लिहूनही ठेवलेला आहे. परंतु या मैदानावर जमलेल्या एका फार मोठ्या गर्दीचा उल्लेख त्या वर्णनांत सहसा सापडत नाही. त्या दिवशी तेथे एकही घोडा धावला नव्हता.

तो दिवस म्हणजे २४ एप्रिल १८९०. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या दिवशी महालक्ष्मीच्या या शर्यतीच्या मैदानावर कामगारांची सभा बोलावली. सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली. १८९० साल आहे, हे विसरू नका. सुशिक्षित घरातली बाई चारचौघांत बोलायला धजत नव्हती, त्या काळात गिरणीतल्या दोन बाया दहा हजारांपुढे उभ्या राहिल्या. आणि मागणी काय होती? आठवड्यातून एक दिवस सुटी.

या मागणीला मागची सहा वर्षे होती. १८८४ साली लोखंड्यांनी परळला सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. आज या मागण्या वाचताना वाटते, यात मागण्यासारखे काय आहे? पण त्या वेळी गिरणी दिवस उगवताना सुरू होई आणि मावळताना बंद होई. सण सोडले तर सुटी नाही. सुटीच्या दिवशीही यंत्रे पुसायला यावे लागे. महालक्ष्मीच्या सभेनंतर, १० जून १८९० रोजी, मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

तेव्हा आपण रविवारी सकाळी पाय पसरून वर्तमानपत्र वाचतो, त्या रविवाराचा एक उगम शर्यतीच्या मैदानावर आहे. आणि इतिहासाची गंमत अशी की, पुढच्या काळात त्याच मैदानावर रविवारच्या शर्यतींना कामगारांची गर्दी लोटू लागली. सुटी मागायला आजोबा जिथे गेले होते, तिथेच ती सुटी घालवायला नातू जाऊ लागला.

ही दुसरी गर्दी माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे. लहानपणी, म्हणजे १९८० च्या आगेमागे, मोसमातल्या रविवारी दुपारी सात रस्त्यावरून महालक्ष्मी स्टेशनाकडे माणसांची रांग लागलेली मी पाहत असे. हातात रेसचे पुस्तक, कानावर पेन्सिल, सदऱ्याच्या आतल्या खिशात पैसे. आमच्या चाळीतल्या एका काकांना इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हते, पण कोणत्या घोड्याचा बाप कोण आणि आई कोण, हे ते तीन पिढ्यांपर्यंत सांगत. संध्याकाळी तीच माणसे परत येत. जाताना ती घोळक्याने बोलत जात, येताना एकेकटी येत. मैदानात फाटक्या तिकिटांचा असा सडा पडे की गवत दिसू नये.

या लोकांना शहाण्यासुरत्यांनी पुष्कळ उपदेश केला आहे. मी तो करणार नाही. एकदा एका जुन्या साचेवाल्याला मी विचारले, "बाबा, तिथे काय मिळतं तुम्हाला?" ते म्हणाले, "अरे, खोलीत आम्ही दहाजण. पाळीत धूळ. तिथं गेलं की डोळ्यांना हिरवं दिसतं, आणि दोन मिनिटं शेठ अन् मी एकाच घोड्यासाठी ओरडतो." या उत्तराला तोड नाही. दोन मिनिटांची ती बरोबरी खोटी असेल, पण तिची भूक खरी होती. शेठ आणि बाबा एकाच घोड्यासाठी ओरडत, तरी उभे मात्र वेगवेगळ्या कठड्यांच्या आत असत. सभासदांचा स्टँड निराळा, तिकिटाच्या दराप्रमाणे बाकीची आवारे निराळी.

परंतु हिशेब हा हिशेब आहे, आणि तो मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. शर्यतीवर पैसे लावण्याचे दोन मार्ग. एक बुकी, दुसरा 'टोट'. टोटची पद्धत एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये निघाली. तिच्यात तुम्ही क्लबशी किंवा घोड्याशी पैज मारीत नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी मारता. समजा, हजार माणसांनी दहा दहा रुपये लावले. दहा हजार रुपये जमले. त्यांतून कर आणि क्लबचा खर्च म्हणून, उदाहरणापुरते धरू, शेकडा वीस काढले. उरले आठ हजार. जिंकणाऱ्या घोड्यावर शंभर माणसांनी पैसे लावले असतील, तर प्रत्येकाला ऐंशी रुपये मिळाले. त्याला वाटते आपण रेस मारली. प्रत्यक्षात ते पैसे हरलेल्या नऊशे माणसांच्या खिशांतून आले.

आता गर्दीने आपले उरलेले सगळे पैसे पुढच्या शर्यतीत पुन्हा लावले असे समजा. शंभराचे ऐंशी झाले, ऐंशीचे चौसष्ट, चौसष्टचे एक्कावन्न. सात शर्यती संपेपर्यंत शंभरातले एकवीस रुपयेही गर्दीपाशी उरत नाहीत. एखादा माणूस जिंकतो, गर्दी कधीही जिंकत नाही. मला वाटते, १८९० च्या गर्दीत आणि या गर्दीत मुख्य फरक हाच. त्या दिवशी दहा हजारांपैकी एकाला सुटी मिळाली असती तर ती कोणालाच मिळाली नसती.

इथवर मी प्रेक्षकांविषयी बोललो. पण गर्दीच्या दिवशी मैदानावर आणखी एक वर्ग हजर असतो, आणि तो पैज लावायला आलेला नसतो. पहाटे चारला उठून घोड्याला खरारा करणारा मोतद्दार, त्याला फिरविणारा रायडिंग बॉय, नालबंद, गवत कापणारे माळी, दरवाजावरचे लोक, आणि टोटच्या खिडकीमागे बसून तिकिटे देणारे कारकून. घोडा जिंकला की मालकाचा, ट्रेनरचा आणि जॉकीचा फोटो निघतो. लगाम धरणारा त्या फोटोत असतो, पण खाली त्याचे नाव नसते. जॉकीचा धंदाही जिवावरचा. १९७९ साली कार्ल उमरीगर हा अगदी तरुण जॉकी महालक्ष्मीच्या मैदानावर पडून दगावला. दोन मिनिटांच्या आरोळीची ही दुसरी बाजू आहे.

खिडकीमागच्या कारकुनांची गोष्ट मला जवळची वाटते, कारण ती आमच्या धंद्याची आहे. हे लोक शर्यतीच्या दिवसापुरते लागत. आठवड्यातून एक-दोन दिवस काम, म्हणून त्यांना नैमित्तिक म्हणत. कामगार राज्य विमा कायदा १९४८ सालचा. त्याखाली आजारपणात औषधपाणी आणि भत्ता मिळत असे. हा कायदा या लोकांना लागू आहे काय, यावर वर्षानुवर्षे कज्जे चालले. शर्यतीचा क्लब हे 'दुकान' आहे काय, येथून वादाला सुरुवात. २०१४ साली, बंगलोरच्या क्लबच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या दृष्टीने ते दुकान आहे असा निर्णय दिला. आणि २०१६ साली मुंबईच्या प्रकरणात सांगितले की, नैमित्तिक कामगारसुद्धा कामगारच, त्यालाही विमा लागू. ज्या वर्षांच्या वर्गणीविषयी हा वाद होता, ती वर्षे होती १९७८-७९ ते १९८६-८७. म्हणजे मी पोरवयात सात रस्त्यावर जी गर्दी पाहत होतो, त्या गर्दीला तिकिटे देणाऱ्या माणसाचा हक्क ठरायला माझे केस पिकावे लागले. तोवर त्यांतले कितीजण निवृत्त झाले आणि कितीजण गेले, याचा निकालपत्रात उल्लेख नसतो.

ती गर्दी पांगली कशी? कारणे एक नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या पुष्कळांना परत गिरणी दिसली नाही. महालक्ष्मीच्या परिसरातला रविवारचा कामगारच नाहीसा झाला. मटक्याने चाळीच्या दारापर्यंत येऊन पैसे नेले होतेच. १९६९ पासून सरकारची लॉटरी होती. पुढे दुसऱ्या शहरातली शर्यत पडद्यावर दिसू लागली, पैज टेलिफोनवर होऊ लागली, मैदानात जाण्याचे कारण उरले नाही. २०१७ साली पैजेवर २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर बसला. पैज थांबली नाही, फक्त ती आता माणूस घरात एकटा बसून हातातल्या यंत्रावर लावतो. पूर्वीच्या माणसाला हरल्यावर निदान शेजारी तरी होता.

आणि मैदानाचे काय? ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ साली संपला. दहा वर्षे घोळ चालला आणि २०२४ साली ठरले की, २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी जावेत आणि ९१ एकर शर्यतींसाठी २०५३ पर्यंत राहावेत. उद्यान व्हावे, जरूर व्हावे. मुंबईसारख्या शहरात मोकळी जागा हीच मोठी संपत्ती आहे, आणि ते साचेवाले बाबा तिकीट काढून जे हिरवे पाहायला जात, ते त्यांच्या पणतवंडांना फुकट दिसणार असेल तर आनंदच आहे.

माझे मागणे एवढेच की, त्या उद्यानात एक साधा दगड बसवावा, आणि त्यावर २४ एप्रिल १८९० ही तारीख, लोखंडे यांचे नाव, आणि 'दोन कामगार स्त्रियाही येथे बोलल्या' एवढे वाक्य कोरावे. जिंकलेल्या घोड्यांच्या नावाने करंडक आहेत, पुस्तकांत याद्या आहेत. ज्या सभेने आपल्या सर्वांना रविवार दिला, तिची त्या जागी खूण असू नये, हे शहराला शोभत नाही.

आणखी एक विनंती आपणाला आहे. आपल्यापैकी कोणाचे वडील, चुलते वा आजोबा कोणत्याही मैदानावर, महालक्ष्मीला असो की पुण्याच्या लष्करातल्या मैदानावर असो, मोतद्दार, माळी किंवा टोटचे कारकून असतील, तर त्यांच्या आठवणी वहीत लिहून ठेवा. हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, जुना फोटो घरात असेल तर टाकू नका. व्याख्यान संपल्यावर मी बाहेर व्हरांड्यात थांबणार आहे. ज्यांना सांगायचे असेल त्यांनी अवश्य यावे, मी वही घेऊन आलो आहे.