११३ स्फटिकांची साक्ष

१९६५ साली केंब्रिजमध्ये ओल्गा केनर्ड यांनी एक कंटाळवाणं काम हाती घेतलं. क्ष-किरणांनी उलगडलेल्या सेंद्रिय रेणूंच्या रचना तोवर वेगवेगळ्या जर्नलांत विखुरलेल्या होत्या. त्या एका जागी आणायच्या. सगळे आकडे एकत्र पाहिले तर एकट्यादुकट्या प्रयोगात न दिसणारं काही हाती लागेल, असं त्यांना आणि जे. डी. बर्नाल यांना वाटत होतं.

छापील तक्त्यांतले आकडे माणसं पंच कार्डांवर चढवत. मग अणूंच्या जागांवरून संगणक बंधांची लांबी पुन्हा काढी. ती लेखातल्या लांबीशी जुळली नाही, की समजायचं, कुठेतरी घोळ आहे. आपण आज डेटा क्लीनिंग म्हणतो ते हेच. साठवणं त्यामानाने सोपं!

कार्बनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध करतो का, हा जुना वाद. एखाद्या स्फटिकात दोघं जवळ दिसले, तरी ‘योगायोग’ म्हणून उडवून लावता येई. १९८२ मध्ये रॉबिन टेलर आणि केनर्ड यांनी न्यूट्रॉनने तपासलेल्या ११३ रचना साठ्यातून काढल्या, कारण क्ष-किरणांना हायड्रोजन जेमतेम दिसतो. असा हायड्रोजन कार्बनपेक्षा किंवा दुसऱ्या हायड्रोजनपेक्षा ऑक्सिजनशीच जवळीक करतो, असं निघालं. त्यासाठी नवा प्रयोग एकही करावा लागला नाही.

१९९१ मध्ये स्फटिकशास्त्रज्ञांनी ‘सीआयएफ’ हा सामाईक फाइल फॉरमॅट आणला आणि पुन्हा टाइप करणं हळूहळू संपलं. २०१९ मध्ये साठ्यात दहा लाखावी रचना जमा झाली.