हरणांची शिकारपूर्व टेहळणी (उत्तर रॉकी पर्वतप्रदेश)

शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी हरणांच्या चरण्याच्या व विसाव्याच्या जागा, पाणवठे आणि येण्याजाण्याच्या वाटा शोधून त्यांची नोंद ठेवण्याचे काम. अमेरिकेतील माँटाना, वायोमिंग आणि आयडाहो या राज्यांच्या डोंगराळ भागात लांडगा, प्यूमा (पर्वतसिंह) आणि ग्रिझली अस्वल यांचा वावर असल्याने ही टेहळणी दुहेरी असते. हरीण कोठे आहे हे शोधताना त्याच्या मागावर कोण आहे हेही पाहावे लागते. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर हरणांविषयीचा अंदाज चुकतो आणि जिवालाही धोका संभवतो.

प्रदेश व प्राणी : येथे हरणांच्या दोन जाती मुख्य आहेत. म्यूल हरीण (ओडोकॉइलियस हेमिओनस) मोठ्या कानांवरून व काळ्या टोकाच्या शेपटीवरून ओळखू येते. ते उघडे उतार व कडेकपारी पसंत करते. पांढऱ्या शेपटीचे हरीण (ओडोकॉइलियस व्हर्जिनिॲनस) नदीकाठची झाडी व शेतांच्या कडा धरून राहते. याच भागातील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील अखेरचे लांडगे १९२६ मध्ये मारले गेले. पुढे १९९५ व १९९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे तेथे आणि ३५ लांडगे मध्य आयडाहोत सोडण्यात आले. त्यांची संतती तिन्ही राज्यांत पसरली. ग्रिझली अस्वलाला १९७५ मध्ये संघीय संरक्षण मिळाले. राष्ट्रीय उद्यानात शिकारीस बंदी असल्याने शिकाऱ्यांची टेहळणी भोवतालच्या राष्ट्रीय वनांत व इतर सार्वजनिक जमिनींवर चालते.

भक्षकांचा परिणाम : लांडगे कळपाने पाठलाग करतात. मोकळ्या, सपाट जागी त्यांचे फावते. प्यूमा दबा धरून झडप घालतो. त्याला खडकाळ, झाडोऱ्याची, तुटक जमीन सोयीची असते. त्यामुळे एका भक्षकापासून सुरक्षित असलेली जागा दुसऱ्याच्या तावडीत नेणारी ठरू शकते आणि हरणांना या दोहोंमधून वाट काढावी लागते. दोन्ही जातींची रीतही वेगळी आहे. कायोटी (लांडग्यासारखा लहान भक्षक) समोर आला की पांढऱ्या शेपटीचे हरीण पळ काढते. म्यूल हरणे पुष्कळदा एकत्र येऊन उभी ठाकतात, उताराचा आधार घेतात आणि माद्या पाडसांसाठी कायोटीवर चाल करून जातात. प्राण्यांच्या मनातील धोक्याचा नकाशा प्रत्यक्ष भूभागावर कसा उमटतो, हे सांगणारी ‘भीतीचा भूप्रदेश’ ही संकल्पना २००१ मध्ये यलोस्टोनमधील एल्क (मोठे हरीण) व बायसन (गव्यासारखा प्राणी) यांच्या अभ्यासातून मांडली गेली. भीतीचा परिणाम किती आणि प्रत्यक्ष मारले गेल्याचा किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तरी टेहळणीपुरता धडा स्पष्ट आहे. हिरवेगार कुरण रिकामे दिसले म्हणून त्या डोंगरात हरणे नाहीत असे मानू नये. आधी लगतचे चढ, झाडीच्या कडा आणि पलीकडचे खोरे पाहावे.

कालक्रम : नरांची शिंगे हिवाळ्यात गळतात. ती जेथे सापडतात तेथे हिवाळ्यात नर होता, एवढे कळते. मात्र उपासमारीच्या त्या दिवसांत माणसाने हुसकावलेले हरीण अंगातील उरलीसुरली चरबी पळण्यात घालवते. म्हणून वायोमिंगच्या पश्चिम भागात सार्वजनिक जमिनीवर १ मेपूर्वी गळलेली शिंगे गोळा करण्यास बंदी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नव्या शिंगांवर मखमली त्वचा असते. नर लहान टोळ्यांनी उंचावरच्या कुरणांत राहतात आणि संध्याकाळी उघड्यावर चरताना दिसतात. टेहळणीचा हा सर्वांत सोपा काळ, पण फसवाही तितकाच. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये मखमल गळते, टोळ्या फुटतात आणि नर झाडीत शिरतात. माँटानात धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरात, तर बंदुकीचा सर्वसाधारण हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन सुमारे पाच आठवडे चालतो. नोव्हेंबरात नर माजावर येतात आणि बर्फ पडले की म्यूल हरणे खाली उतरतात. वायोमिंगमधील रेड डेझर्ट ते होबॅक हा त्यांचा स्थलांतरमार्ग सुमारे २४० किमी. लांबीचा आहे. ऑगस्टमधली जागा नोव्हेंबरात उपयोगी पडेलच असे नाही, ते यामुळेच.

माग वाचणे : हरणाच्या दुभंगलेल्या खुराचा ठसा बदामी आकाराचा असतो. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात. ऊन, वारा लागला की त्या ढासळतात. लेंड्या, गवत दबलेल्या बसण्याच्या जागा आणि शिंगे घासून साल निघालेली झाडे या पुढच्या खुणा. लांडग्याचा पंजा १० सेंमी.हून लांब असून पुढे नखे उमटतात. प्यूमाचा पंजा गोलसर असतो, त्यात बहुधा नखे दिसत नाहीत आणि तळव्याच्या मागील कडेला तीन फुगीर भाग दिसतात. ग्रिझलीची बोटे जवळजवळ सरळ रेषेत आणि नखांचे ठसे बोटांपासून बरेच पुढे पडतात.

मारलेले जनावरही बोलके असते. प्यूमा शिकार फरपटत आडोशाला नेतो आणि तिच्यावर पाने, पाइनच्या सुया, माती किंवा बर्फ ओढतो. मान किंवा गळ्यावर सुळ्यांच्या खुणा असतात. लांडग्यांनी शिकार केलेल्या जागी हाडे व केस दूरवर विखुरलेले असतात. हिरवळ उकरून मृत जनावरावर मातीचा ढीग रचलेला दिसला, तर अस्वल जवळच असावे असे समजून आल्या वाटेने परतावे. डोमकावळे व मॅगपाय हे पक्षी मृत जनावरावर जमतात, म्हणून त्यांची एका जागी गर्दी झालेली दिसली, तरीही तिकडे जाऊ नये.

पद्धती : पहाटे व संध्याकाळी, दूरच्या कड्यावर बसून दुर्बिणीने उतार भागाभागाने तपासणे ही मुख्य पद्धत. जवळ गेले की माणसाचा वास पोहोचतो. डोंगरात हवा रात्री व पहाटे उताराने खाली वाहते आणि ऊन तापल्यावर वर चढते. जागा निवडताना वाऱ्याचा हा रोख पाहावा लागतो. स्वयंचलित कॅमेऱ्यांविषयी राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. रॉकीच्या दक्षिणेकडील ॲरिझोनाने तर १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी त्यांचा वापरच बंद केला. ओळखलेल्या जागी वारंवार जाणे टाळावे. रोजचा माणूस हरणाच्या लेखी आणखी एक भक्षकच असतो.

सुरक्षितता : उन्हाळ्याच्या अखेरीस अस्वले हिवाळ्यासाठी चरबी साठवत असतात आणि हकलबेरीच्या झुडपांत दिवसचे दिवस घालवतात. शिकारी मात्र नेमका त्याच काळात नि:शब्दपणे, वाऱ्याच्या विरुद्ध चालतो. अस्वलाला अचानक चकित करण्याची शक्यता त्यामुळे वाढते. मिरचीच्या अर्काचा फवारा पिशवीत न ठेवता कमरेला हाताशी ठेवावा. अंगावर धावून येणारे अस्वल सुमारे ९ ते १८ मीटरवर असताना तो मारायचा असतो. दाट झाडीत शिरताना सोबत असावी आणि बोलत जावे. त्यापायी एखादे हरीण बिचकले तरी चालेल.

नोंदी व आरोग्य : प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, वारा, दिसलेली हरणे आणि भक्षकांच्या खुणा लिहून ठेवल्या, तर काही वर्षांत त्या डोंगराची रीत समजू लागते. खंगलेले, लाळ गाळणारे किंवा तोल जाणारे हरीण दिसल्यास राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवणे आवश्यक असते. हरणांना क्षीण करून मारणारा क्षयकारी रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम लक्षात आला आणि २०१७ मध्ये माँटानाच्या रानटी हरणांत आढळला.

भारतातील संदर्भ : भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमामुळे हरणांच्या शिकारीस बंदी आहे, पण माग वाचण्याचे कौशल्य येथेही तितकेच लागते. ताडोबा व मेळघाटातील वनरक्षक ठसे, विष्ठा, पाणवठे आणि चितळ-सांबरांच्या इशाऱ्याच्या हाका यांवरून वाघाचा वावर ओळखतात. २००६ पासूनच्या व्याघ्रगणनेत ठशांच्या जुन्या मोजणीची जागा कॅमेरा सापळ्यांनी घेतली, तरी सापळा कोठे लावायचा हे पायी फिरून दिसलेल्या खुणाच सांगतात. माँटानातील शिकाऱ्याला हरणापर्यंत पोहोचायचे असते, वनरक्षकाला वाघ राखायचा असतो. भक्ष्य व भक्षक एकत्र पाहिल्याशिवाय दोघांपैकी कोणाचाच वावर नीट कळत नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखेच खरे आहे.