तोंड आणि घसा: ‘क’पासून ‘म’पर्यंतचा रस्ता, आणि एक जागा जिथे एकही अक्षर नाही

‘सणसर’ असं मोठ्याने म्हणा. बारामती आणि इंदापूरच्या मधलं हे गाव. आषाढी वारीत काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण झालं की तुकाराम महाराजांची पालखी इथे मुक्कामाला येते. नाव उच्चारताना जीभ काय करते त्याकडे लक्ष द्या. ‘स’ला टोक वरच्या दातांमागे जाऊन बारीक फट ठेवतं. ‘ण’ला तेच टोक उलटं वळून टाळूला टेकतं. ‘र’ला नुसती टिचकी मारतं. आता नाक चिमटीत धरून पुन्हा म्हणा. ‘ण’ अडकला ना? त्या अक्षराची हवा नाकातून जाते. सर्दीत ‘सणसर’चं ‘सडसर’ होतं ते यामुळेच.

शाळेत पाठ केलेली वर्णमाला हा खरं तर तोंडाचा नकाशा आहे, मागून पुढे काढलेला. ‘क’ म्हणताना जिभेची मागची बाजू टाळूच्या मऊ भागाला लागते. जुन्या व्याकरणात याला कंठ्य म्हणतात, पण ‘क’ घशात तयार होत नाही. ‘च’ कडक टाळूजवळ, ‘ट’ जीभ वळवून, ‘त’ दातांवर, ‘प’ ओठांवर. मराठीत ‘च’ दोन जागी होतो. ‘चार’ म्हणा, मग ‘चारा’ म्हणा, दुसऱ्या शब्दात जीभ दातांकडे सरकलेली जाणवेल. नकाशा ‘म’ला ओठांवर येऊन थांबतो.

टाळूचा पुढचा भाग हाडाचा, मागचा स्नायूंचा. मागे मधोमध लोंबते ती पडजीभ आणि तिच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल्स. त्याच्या मागे घसा. इथे मोठी अडचण आहे, कारण घास आणि श्वास दोघांचा रस्ता इथे एकच होतो. पुढे दोन वाटा फुटतात. श्वासनलिका पुढच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्या मागे. म्हणजे प्रत्येक घासाला श्वासनलिकेचं दार ओलांडूनच मागे जावं लागतं.

ते कसं जमतं? गिळताना मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करतो. स्वरयंत्र वर उचललं जातं (कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, कळेल), त्यावरचं झाकण खाली वाकतं, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. घास घशातून पुढे जाईपर्यंतचा हा सगळा खेळ सुमारे एका सेकंदाचा. जेवताना बोललं, हसलं की वेळ चुकते आणि ठसका लागतो. कुणी आठवण काढलेली नसते.

हेच स्वरतंतू आवाजही देतात. बोलताना पुरुषांचे साधारण सेकंदाला १०० ते १५० वेळा कंप पावतात, बायकांचे २०० च्या आसपास. दिवसभर अभंग म्हणून आवाज बसला तर विश्रांतीने सुटतो. मात्र तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, तर हळद-दुधावर न भागवता कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवायचा.

नकाशात नसलेली जागा

आता जिभेचं टोक खालच्या दाढा आणि गाल यांच्या मधल्या खाचेत न्या. हे गालफड. वर्णमालेतलं एकही अक्षर इथे तयार होत नाही. बोलताना कुणाचं इथे लक्ष जात नाही, आरशातही गाल ओढल्याशिवाय दिसत नाही. तंबाखू मळून ‘बार’ भरतात तो नेमका इथेच. लाळेने भिजलेली तंबाखू, चुना, सुपारी तासन्‌तास त्याच नाजूक त्वचेला चिकटून राहते. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर गाल आणि हिरडीच्या या भागात इतका दिसतो, त्याचं मोठं कारण हे आहे. मिश्री लावणाऱ्या बायकाही यातून सुटत नाहीत, ती भाजलेली तंबाखूच असते.

‘मी फक्त सुपारी खातो’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली. मग सुपारीचा मसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत, आणि मिसळायचं काम गिऱ्हाइकाकडे. बारामतीचे शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि ते या सवयीविरुद्ध जाहीरपणे बोलत आले आहेत. माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील मात्र फेब्रुवारी २०१५ मध्ये याच आजाराने गेले.

सुपारीचा आणखी एक आजार कॅन्सरच्या आधी येतो. गालाच्या आतलं अस्तर पांढरट आणि ताठ होतं, तोंड उघडेनासं होतं. सुरुवात साधी असते: कालपर्यंत चालणारा ठेचा आज झोंबायला लागतो. आलेला ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही, पण सुपारी सोडली तर पुढची वाढ रोखता येते. पुढे याच अस्तरात कॅन्सर होण्याचा धोका राहतो, म्हणून तपासणी सुरू ठेवावी लागते.

आरशासमोर उजेडात गाल ओढून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर दातांच्या डॉक्टरकडे जा, दुखत नसलं तरी. उलट काही गोष्टी बघून लोक उगाच घाबरतात. वरच्या दाढांसमोर गालावर दिसणारा बारीक उंचवटा म्हणजे लाळेच्या नळीचं तोंड. जिभेच्या अगदी मागे ओळीने असलेले फुगीर ठिपके चवीचे, ते सगळ्यांनाच असतात.

शेवटी तोंड पूर्ण उघडा आणि तर्जनी, मधलं बोट, अनामिका अशी तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही गेली तर ठीक. दोनच जात असतील तर दाखवून घ्या. बोटं मात्र स्वतःचीच हवीत, पोराच्या तोंडाला बापाची बोटं लावून काही कळत नाही.